एक बाई, पाच खाती

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या गटचर्चेत फळ्यावर तक्रारींची यादी झाली. उपकेंद्राला कुलूप होतं, गाडी आली नाही, सोनोग्राफी बाहेरून करून आणायला सांगितली, पैसे खात्यावर जमा झाले नाहीत. या बहुतेक तक्रारींच्या शेवटी तुमच्यापैकी कुणी ना कुणी एकच वाक्य सांगितलं: "ते आमच्याकडे येत नाही, तिकडे विचारा." मला आज या 'तिकडे'बद्दल बोलायचं आहे.

आपण 'सरकारी दवाखाना' असा एकच शब्द वापरतो. सरकारच्या लेखी तो एक नाही. गावचं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखालचं. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासूनची ही मांडणी. ती वाईट नव्हती. दवाखाना लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हाती असावा, हा त्यामागचा विचार होता. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, त्याचे साहेब जिल्हा शल्यचिकित्सक. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असेल तर ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. आदिवासी भागात गरोदर बाईला २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं जेवण मिळतं, ते अंगणवाडीमार्फत. पण पैसा आदिवासी विकास विभागाचा. झाली पाच खाती. शिवाय २००५ पासून आरोग्य अभियान आलं, त्याचा निधी वेगळा, त्याचे कंत्राटी कर्मचारी वेगळे.

बाई मात्र एकच असते.

तिची नोंद नर्सबाई करते. तिचा पोषण आहार अंगणवाडीच्या दप्तरात. रक्त कमी भरलं तर नर्सबाई लोहाच्या गोळ्या देते, पण तिच्या घरात रोज काय शिजतं हे अंगणवाडीताईला जास्त ठाऊक. दोघी एकाच गावात, कधी कधी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसतात. त्यांचे अहवाल मात्र दोन वाटांनी वर चढतात, आणि मंत्रालयात पोचल्यावर ते एका टेबलावर येतीलच असं नाही. त्यातून आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या उपकेंद्रात, सातव्या महिन्यात पोर माहेरी. इकडचं दप्तर म्हणतं 'गेली', तिकडचं म्हणतं 'आमची नाही'. या दोन दप्तरांच्या मधल्या दोन महिन्यांत तिचा रक्तदाब कुणी मोजला?

अडलेल्या बाईला प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. तिथे भूलतज्ज्ञ नसला की जिल्ह्याला. प्रत्येक दारात खातं बदलतं, कागद नव्याने सुरू होतो. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि बाळंतपणानंतर परत घरी, हा सगळा प्रवास मोफत आहे. शस्त्रक्रिया, रक्त, औषधं, तपासण्या, जेवणही मोफत. कागद उत्तम आहे, मी त्याची टिंगल करत नाही. पण मी एका बाईबरोबर गेले होते, तिच्या नवऱ्याने दोन दवाखान्यांमधल्या वाटेला खासगी जीपला पदरचे पैसे दिले. ते परत मागायला आम्ही दोन्हीकडे गेलो. पाठवणारे म्हणाले, घेणाऱ्यांनी द्यायचे. घेणारे म्हणाले, पाठवणाऱ्यांनी द्यायचे. हेच लेखी द्या म्हटलं, तेव्हा दोघेही गप्प झाले.

अधिकारी आपल्यापुढे आकडा ठेवतात. नमुना नोंदणी पाहणीत २०१८-२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, देशात ९७. आकडा खरा आहे आणि त्यामागे नर्सबायांची पायपीट आहे, हे आपण मान्य करावं. पण या सरासरीत पुण्यातली बाई आणि धडगावच्या पाड्यावरची बाई एकत्र मोजली जाते.

आता पैशांचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याची तरतूद आहे. ज्यांना नोकरीत असे लाभ मिळतात त्या वगळून. प्रत्येक, हा शब्द लक्षात ठेवा. त्यानंतर २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली ती ५,००० रुपयांची, आणि पहिल्याच अपत्यासाठी. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,०००. म्हणजे दुसरा मुलगा झाला तर ती आई 'प्रत्येक'मध्ये बसत नाही! कायदा संसदेने केला आणि त्याला कात्री योजनेच्या नियमांनी लावली. आणि जी पात्र आहे तिचं तरी काय? आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. लग्नानंतर बाईचं नाव बदलायची रीत समाजाची, आणि त्याचा दंड भरायचा बाईने.

ही खात्यांची फाटाफूट सगळ्यात उघडी पडते ती ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांच्या बाबतीत. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या. चर्चा झाली ती लोभी डॉक्टरांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ही बाई आधी सरकारी दवाखान्यात का गेली नाही? ती दिवाळीच्या सुमाराला गाव सोडते, उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. तेवढे महिने गावच्या उपकेंद्राला ती नाही, आणि कारखान्याजवळच्या उपकेंद्रालाही ती नाही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. खाडा झाला की पैसे कापतात. पाळीचा त्रास असो की अंगावरून जाणं असो, उसाच्या फडात ना संडास ना पाणी. तिच्या आरोग्याचा प्रश्न आरोग्य खात्याचा, मजुरीचा कामगार खात्याचा, कारखान्याचा सहकार खात्याचा. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, ते सामाजिक न्याय खात्याकडे. एवढी खाती वाटेत असताना तिला वेळेवर भेटला तो खासगी डॉक्टर, आणि तो म्हणाला, पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल.

मग ही सगळी खाती जोडतं कोण? एकच बाई जोडते, आशाताई. नर्सबाईचं रजिस्टर, अंगणवाडी, ग्रामीण रुग्णालय, बँक, या सगळ्या दारांत जाणारी तीच. साधारण हजार लोकवस्तीला एक. त्या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावात शब्द आहे 'कार्यकर्ती', कर्मचारी नव्हे. त्यामुळे पगार नाही, कामागणिक मोबदला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. मोबदला वाढवण्याचं आश्वासन मिळालं, पण लेखी आदेश निघेना. मग २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा संप, मुंबईत आझाद मैदानात मुक्काम. सरकारने पाच खाती एकत्र आणण्याचं काम एका बाईच्या चपलांवर सोपवलं आहे, आणि चपला तिच्या स्वतःच्या पैशांच्या. आपल्या मोर्च्यांत नर्सबाईला आणि आशाताईला सरकार समजून घोषणा दिल्या जातात, हे मला पटत नाही. तिच्याकडे ना गाडी, ना गोळ्या, ना सहीचा अधिकार.

एक अनुभव उपयोगी आहे. २००७ पासून आपल्या राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या पाच जिल्ह्यांत सुरुवात झाली. त्यातल्या जनसुनवाईत निरनिराळे अधिकारी लोकांसमोर एकत्र बसत. बाई उभी राहून सांगे, आणि एका साहेबाने 'तिकडे' म्हटलं की 'तिकडचा' साहेब शेजारच्याच खुर्चीत असे. तालुक्याला आपण निवेदन द्यायला जातो, तेव्हा एका दालनात देऊन परत येऊ नका. तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक, बालविकास प्रकल्प अधिकारी, तिघांना एका तारखेला एका जागी बोलावण्याची मागणी करा. ही मागणी वरकरणी किरकोळ वाटते, पण तिला सगळ्यात जास्त टाळाटाळ होते.

आणि कागदाचं. तोंडी विचारलं की उत्तर 'तिकडे'. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेवढेही लागत नाहीत. त्या कायद्याचं कलम ६(३) असं सांगतं की, विचारलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर अर्ज परत करायचा नाही. ज्याने तो घेतला त्यानेच पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा आणि तसं अर्जदाराला कळवायचं. जीपच्या पैशांचा असा एक अर्ज नमुन्यादाखल करून आणला आहे. जेवणानंतर त्याच्या प्रती वाटू. आपापल्या गावचं नाव, दवाखान्यांची नावं आणि तारीख घाला, आणि अर्ज दिल्यावर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.