घरची वीज आणि थ्री-फेज यंत्रे
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



वाकस, रंधा आणि भाता ह्यांवर ज्यांच्या पूर्वजांचे संसार उभे राहिले, अशा कुटुंबांपुढे आम्ही विजेच्या मोटारीविषयी बोलावयास उभे आहोत, ह्याचे कोणास नवल वाटू नये. हत्यारे बदलली, हात तेच आहेत. परंतु एक तक्रार अलीकडे आमच्या कानी वारंवार येते. बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात एखादा तरुण लेथ किंवा रंध्याचे यंत्र स्वस्तात घेतो, प्रसंगी घरातील सोने गहाण ठेवून घेतो, आणि घरी आणल्यावर ध्यानात येते की यंत्राची मोटार थ्री-फेज आहे व घरातील वीज सिंगल-फेज. यंत्र मग पडवीत गोणपाटाखाली पडून राहते आणि व्याज मात्र चालू राहते. ह्या यंत्राचे काय करावे, एवढाच आमचा विषय.

भगिनींना ह्यातील मर्म पुरुषांहून लवकर कळेल, कारण शिवणयंत्र त्यांनी चालविले आहे. पायटा एका विशिष्ट जागी आला की नुसते पाय दाबून चाक हलत नाही. हाताने ढकलावे लागते, आणि ढकलू त्या दिशेला ते फिरते. सिंगल-फेज वीज ही अशी एका पायट्याची आहे. त्याच चाकाला तीन पायटे एकतृतीयांश फेऱ्याच्या अंतराने जोडले, तर कोणता तरी एक सदैव जोर देत राहील व चाक आपोआप, ठरल्या दिशेने सुरू होईल. थ्री-फेज मोटार ती हीच. डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की ह्यांनी १८८९ मध्ये तिला आजचे साधे, दणकट रूप दिले, आणि १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रांकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर थ्री-फेज वीज नेऊन दाखविण्यात आली. तेव्हापासून कारखान्यांनी हाच मार्ग धरला.

आता उपाय. पहिला, व सर्वांत स्वस्त, कंडेन्सरचा. मोटारीच्या दोन टोकांना घरची वीज द्यावयाची आणि तिसऱ्या टोकाला कंडेन्सरमधून. एका अश्वशक्तीस सुमारे ५० मायक्रोफॅरड लागतात. मोटार फिरते, पण तिची शक्ती सुमारे दोनतृतीयांशच मिळते आणि सुरुवातीचा जोर अगदी कमी असतो. सहाणेच्या चाकाला हे चालेल, ओझ्यासह सुरू होणाऱ्या यंत्राला नाही. (शेतीच्या पंपांना कंडेन्सर लावण्याची युक्ती आपल्या खेड्यांतून सर्वांस ठाऊक आहे, अनेकांनी ती एकदम केली म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचे काय होते, हेही ठाऊक आहे.)

दुसरा उपाय फिरत्या मोटारीचा. एक मोठी थ्री-फेज मोटार सिंगल-फेजवर रिकामीच फिरत ठेवली की तिच्या तिसऱ्या टोकावर तिसरी फेज निर्माण होते, व तिच्या आधारे दोन-तीन यंत्रे चालतात. ही मोटार चालवावयाच्या सर्वांत मोठ्या मोटारीहून मोठी हवी. आवाज आणि वीज दोन्ही खाते.

तिसरा उपाय ‘ड्राइव्ह’चा, आणि एकाच यंत्रासाठी आम्ही तोच सुचवू. तो घरच्या विजेची प्रथम एकदिश वीज करतो व तीतून तीन फेज नव्याने घडवितो. मोटार हळूहळू वेग घेते, दिवे मंदावत नाहीत, आणि वेगही कमीजास्त करता येतो. सिंगल-फेजवर चालण्यासाठीच बनविलेला ड्राइव्ह घ्यावा. थ्री-फेजसाठी बनविलेला वापरणे झाल्यास पुष्कळ मोठ्या मापाचा घ्यावा लागतो.

परंतु एक मेख ह्या तिन्ही उपायांत आहे, आणि लिलावात बोली लावण्यापूर्वी तीच पाहावयास हवी. घरची वीज २४० व्होल्ट; कारखान्यातील दोन फेजांमधील दाब तिच्या १.७३ पट, म्हणजे ४१५. साधारणतः दोन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारी आपल्याकडे ४१५ व्होल्टवर ‘स्टार’ जोडणीच्या असतात. डबीतील सहा टोके बाहेर काढलेली असली तर पट्ट्या बदलून ‘डेल्टा’ करता येते, आणि तीच मोटार २४० व्होल्टवर नीट चालते. त्याहून मोठ्या मोटारी बहुधा ४१५ वरच डेल्टा असतात. त्यांना निराळा ट्रान्सफॉर्मर किंवा नवे वाइंडिंग लागते, व स्वस्ताई तेथेच संपते. म्हणून मोटारीवरील पाटी पुसून, टॉर्च धरून, आधी वाचावी.

शक्ती मात्र ह्यांपैकी कोणतेही साधन वाढवीत नाही. दोन अश्वशक्तीचे काम घेतले की घरच्या एकाच तारेतून दहा-बारा अँपिअर सहज जातात. तेव्हा तीन-चार यंत्रे चालवावयाची असतील, किंवा एकच पाच अश्वशक्तीचे असेल, तर रीतसर थ्री-फेज जोडणीच घ्यावी. घरगुती जोडणीवर धंदा चालविणे विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरते व दुप्पट दराने आकारणी होते. त्यापेक्षा व्यवसायाची जोडणी मागणे स्वस्त पडेल.

आणखी एक गोष्ट घरी मुले असलेल्यांसाठी. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये व ड्राइव्हमध्ये भार काही मिनिटे टिकतो. बटण बंद, म्हणून डबी उघडली, असे करू नये. जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी, आणि अर्थिंग आधी.

सभेनंतर मागच्या पडवीत एक अश्वशक्तीची मोटार ड्राइव्हवर जोडून ठेवली आहे. ज्यांची यंत्रे गोणपाटाखाली आहेत त्यांनी आपल्या मोटारीच्या पाटीवरील मजकूर लिहून आणला असेल, तर तेथेच बसून हिशेब करू.