आधी भिंत कोरडी, मग बोर्ड

घरातल्या भिंतीला जिप्सम फायबर बोर्ड लावायचं काम आपण गटातल्या बायकाही करू शकतो. पण ओल आलेली भिंत बोर्डाने झाकायची नाही. जिप्सम पाणी पितं आणि मऊ पडतं. आधी गळती बंद करू, भिंत वाळू देऊ.

माप दोनदा घ्यायचं. पट्टी धरून धारदार कटरने खोल रेघ मारायची, ती टेबलाच्या कडेवर आणून बोर्ड खाली दाबायचा. तो रेघेवरच मोडतो. कापताना नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, लेकरं लांब. धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

बोर्ड पत्र्याच्या सांगाड्याला स्क्रूने बसतो. सांगाड्याच्या उभ्या पट्ट्या 2 फुटांवर, स्क्रू साधारण वीतभर अंतरावर. खाली अर्धा इंच जागा सोडायची, म्हणजे फरशी धुतलेलं पाणी बोर्ड ओढणार नाही.

मजुरी चौरस फुटावर ठरत असेल, तर लांबी गुणिले उंची आपणच मोजू, वहीत लिहू. माप आपल्या हातात असलं, की हिशेबही आपल्याच हातात राहतो.