शाळेचं सभागृह आणि पालकांची वर्गणी

वाकोल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात पन्नास माणसं बसवायची कुठे? म्हणून पालकांचं हळदीकुंकू, कौटुंबिक मेळावा शाळेच्या सभागृहात ठरतो. मग हाती कागद येतो: भाडं, अनामत, वीज, सफाई. वर्षाची फी भरलेल्या पालकांना हे खटकतं, आणि ते रास्तच आहे. वीज आणि सफाई कामगाराचा जादा वेळ हा मात्र खरा खर्च. तो द्यायलाच हवा.

महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळांतही पालक-शिक्षक संघ असावाच लागतो. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधला. संघाच्या कार्यकारी समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. भाड्याचा विषय तिथे मांडा, तोही तारीख ठरण्याआधी. कार्यक्रम संघाचा आहे की काही पालकांचा खासगी, हे अर्जात स्पष्ट लिहा. सवलत मागायला तोच आधार. महापालिकेच्या शाळेत असाल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा, तिथे किमान 75 टक्के सदस्य पालकच असतात.

अनामत परत कधी मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या. निघताना खुर्च्या मोजून द्या आणि शिपायाची सही घ्या.