वेष्टनावरील छपाई : उद्याचे तंत्र आणि आपली मुले



औद्योगिक वेष्टनांवरील छपाईचे भवितव्य या विषयावर आम्ही बोलावे, असे मंडळाने सुचविले. पुस्तकांच्या छपाईवर व्याख्याने होतात, खोक्यांच्या छपाईवर सहसा होत नाहीत. पण आपल्या वस्तीतील किती तरी घरांतला एखादा माणूस भिवंडीच्या गोदामात, औद्योगिक वसाहतीतल्या बॉक्स कारखान्यात किंवा पिशव्या छापणाऱ्या शेडमध्ये कामाला जातो. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खोक्यावरची छपाई शोभेसाठी असते, असे पुष्कळांना वाटते. साबणाच्या वेष्टनाबाबत ते काही अंशी खरे आहे. औद्योगिक मालाचे तसे नाही. वर तोंड केलेले दोन बाण, पेला, छत्री ही चिन्हे आपण नेहमी पाहतो. आंतरराष्ट्रीय मानक ७८० मध्ये ती ठरवून दिलेली आहेत. ज्याने माल भरला आणि जो तो पाठीवरून उतरवतो, त्या दोघांची कधी भेट होत नाही, भाषाही एक नसते. त्यांच्यात बोलणे होते ते या चिन्हांतून. रसायनाच्या पिंपावरची धोक्याची खूण पुसली गेली, तर पहिला बळी माथाडी कामगाराचा जाईल, मालकाचा नव्हे. जहाजाने जाणाऱ्या धोकादायक मालावरची खूण तीन महिने समुद्राच्या पाण्यात राहिल्यानंतरही ओळखता आली पाहिजे, असा सागरी वाहतुकीचा नियम आहे. लग्नपत्रिकेची शाई घामाच्या बोटाने पसरते; तीन महिने खाऱ्या पाण्यात टिकायचे म्हणजे शाई, कागद आणि गोंद या तिघांचीही परीक्षा असते.

आता हे छापले कसे जाते ते पाहू. नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यावर बहुधा फ्लेक्सो पद्धतीने छापतात. रबराचा किंवा फोटोपॉलिमरचा उठावाचा ठसा (आपल्या कारखान्यांत त्याला स्टीरिओ म्हणतात) रुळावर चढवायचा, बारीक खळग्यांच्या अॅनिलॉक्स रुळाने त्यावर शाई द्यायची आणि पुठ्ठा खालून सरकवायचा. या पद्धतीला पूर्वी अॅनिलिन छपाई म्हणत. अॅनिलिन हे विषारी रसायन आहे, त्यामुळे खाद्यपदार्थांच्या वेष्टनाला ते नाव नको असे धंदेवाल्यांना वाटू लागले आणि १९५२ साली अमेरिकेत फ्लेक्सोग्राफी हे नाव ठरले. नाव बदलून भीती घालवण्याची युक्ती जुनीच आहे म्हणायची!

फ्लेक्सोत एक अडचण आहे. ठसा पुठ्ठ्यावर दाबावा लागतो, आणि दाब जास्त झाला की आतल्या नळ्या चेपतात. नळी चेपली की खोक्याची ताकद गेली. मग गोदामात आठ थर रचले की खालचे खोके बसते. कुशल ऑपरेटर हा दाब हाताच्या अंदाजाने सांभाळतो. ही विद्या शाळेत शिकवलेली आम्ही पाहिली नाही. ती उस्तादाच्या शेजारी उभे राहून येते.

प्लास्टिकच्या फिल्मसाठी मात्र आपल्याकडे ग्रॅव्ह्युअर पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते. पोलादी सिलिंडरवर तांब्याचा थर चढवून त्यावर खळगे कोरतात आणि वर क्रोमचा मुलामा देतात. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर. लाखो पाकिटे छापायची असतील तर हे परवडते, पाच हजारांसाठी नाही.

येथेच नवे तंत्र आत शिरते. इंकजेट यंत्राला ठसा नाही, सिलिंडरही नाही. संगणकातले चित्र शाईच्या सूक्ष्म थेंबांनी सरळ पुठ्ठ्यावर उतरते. पुठ्ठ्याला काही टेकतच नाही, म्हणून नळी चेपत नाही. दोनशे खोकी हवी असतील तर दोनशेच छापावीत, आणि दोनशे एकाव्या खोक्यावर दुसरा मजकूर असला तरी यंत्र थांबत नाही.

मग जुनी यंत्रे भंगारात जाणार काय? आमचे मत असे की, सर्व काही डिजिटल होणार असे जे सांगतात त्यांना बहुधा यंत्र विकायचे असते. सिमेंटच्या विणलेल्या गोण्यांवर तोच मजकूर लाखो वेळा छापायचा आहे. तेथे महाग शाईचे इंकजेट यंत्र कोण लावील? तेथे फ्लेक्सोच राहील. छोटी मागणी, वारंवार बदलणारा मजकूर, नमुन्याचा माल आणि क्रमांक टाकण्याचे काम मात्र नव्या यंत्राकडे जाईल. कित्येक ठिकाणी एकाच रांगेत दोन्ही यंत्रे उभी राहतील.

परंतु खरा बदल आम्हांला यंत्रापेक्षा मजकुरात दिसतो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड दुकानात प्रथम वाचला गेला. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत क्यूआर कोड तयार झाला. आपल्या देशात औषधांच्या ३०० ठरावीक ब्रँडना १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात बॅच, मुदत, परवाना क्रमांक अशी माहिती असावी लागते. नाशिकची द्राक्षे युरोपला जातात तेव्हा २००६ पासून चालू असलेल्या ग्रेपनेट व्यवस्थेतून त्या मालाचा माग शेतकऱ्याच्या बागेपर्यंत लावता येतो. म्हणजे पूर्वी सगळी खोकी जुळ्या भावंडांसारखी असत. आता प्रत्येकाला स्वतःची ओळख मिळते आहे.

याचा कामगारावर काय परिणाम होतो? कोडातली रेघ शाई पसरून जाड झाली तर यंत्र तो वाचत नाही, आणि सगळा माल परत येतो. पुठ्ठ्याच्या खोक्यावरच्या बारकोडाभोवती जाड काळी चौकट असते, ती आपण पाहिली असेल. ठशाचा दाब सर्वत्र सारखा पडावा आणि कोड अर्धवट वाचला जाऊ नये, म्हणून ती दिलेली असते. फ्लेक्सोत बारकोडाच्या रेघा कागद धावतो त्या दिशेने ठेवतात. आडव्या ठेवल्या तर ठसा ताणून त्या फुगतात. हे ज्याला ठाऊक आहे तो ऑपरेटर, ज्याला ठाऊक नाही तो हेल्पर. पगारातला फरक येथून सुरू होतो.

आता शाईविषयी थोडे अधिक बोलतो, कारण यंत्र मालकाचे असले तरी फुप्फुसे आपली असतात. २००५ साली इटलीत लहान बाळांच्या दुधात छपाईच्या शाईतले एक रसायन सापडले. दुधाला शाई लागलेलीच नव्हती. छापलेला माल गुंडाळला की बाहेरची बाजू आतल्या बाजूला टेकते. तेथून ते उतरले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी छापील बाजू अन्नाला थेट लागू नये असे ठरविले आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली. (वडापाववाले अजून ऐकत नाहीत, ते सोडा.) खाद्यवेष्टनाच्या शाईचे भारतीय मानक १५४९५ हे २०२० मध्ये सुधारले गेले आणि टोल्युइन वगळले गेले. ही ग्राहकाची काळजी झाली. पण टोल्युइनचा वास ज्याच्या नाकात दिवसभर जात होता, तो ग्राहक नव्हता.

जपानमधील ओसाका येथील एका छापखान्यात शाई पुसण्याच्या द्रावणाने तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले. खोलीत हवा खेळण्याची सोय अपुरी होती. त्या द्रावणातील १,२-डायक्लोरोप्रोपेन हे रसायन मानवात कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ठरविले. जपानसारख्या शिस्तीच्या देशात हे झाले. म्हणून आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे : नोकरीला जाल तेथे पगार विचाराच, पण यंत्र कशाने पुसता, त्या डब्यावर काय लिहिले आहे आणि वाफ बाहेर खेचणारा पंखा आहे की नाही, हेही विचारा. पाण्याच्या शाया आल्याने पुठ्ठ्याच्या कामात हा त्रास बराच कमी झाला आहे. फिल्मच्या कामात अजून आहे.

फिल्मचेही स्वरूप बदलते आहे. निरनिराळ्या प्लास्टिकचे आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले पाकीट पुन्हा वापरात आणणे फार अवघड असते. म्हणून एकाच जातीच्या प्लास्टिकचे पाकीट करण्याकडे कल आहे. युरोपीय संघाच्या नव्या नियमात तर २०३० पर्यंत वेष्टने पुनर्चक्रणयोग्य करण्याचे बंधन आहे, आणि निर्यातदारांना ते पाळावे लागेल. पण पॉलिथिन उष्णतेने आणि ताणाने लांबते, त्यामुळे रंगावर रंग बसवणे कठीण होते. येथे पुन्हा कुशल हाताची गरज पडते.

शेवटी शिक्षणाविषयी. दहावी-बारावी झालेल्या मुलांनी केवळ ओळखीने हेल्पर म्हणून लागू नये, असे आम्हांला वाटते. मुंबईत शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्थाही मुंबईतच आहे. तेथे विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीनंतरचा अभ्यासक्रम चालतो. रंग डोळ्याने जुळवण्याचे दिवस सरत आले. स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगातला फरक आकड्यात दाखवतो, तो आकडा समजायला साधे गणित पुरते. संगणकावर मजकूर आणि कोड तयार करण्याच्या कामात मुलींनाही चांगली संधी आहे, तेथे वजन उचलावे लागत नाही. जे आधीच कारखान्यात आहेत त्यांनी बी-४ कपाने शाईचा पातळपणा मोजून, तासागणिक वहीत लिहून ठेवण्याची सवय लावावी. उद्या नवे यंत्र आले की मालक ही वही असलेल्या माणसालाच त्यावर उभा करतो, हे आम्ही दोन-तीन ठिकाणी पाहिले आहे.

मागच्या टेबलावर काही खोकी, एक जुना रबरी स्टीरिओ आणि दोन भिंगे ठेवली आहेत. फ्लेक्सोचा आणि इंकजेटचा ठिपका शेजारी शेजारी पाहून घ्या, आणि मग प्रश्न विचारा.