पंधरा वर्षांची मोटारसायकल

सकाळीं सहाच्या सुमारास दौंडच्या रेल्वे स्थानकाबाहेर किंवा शिरूरच्या बाजारपेठेंत क्षणभर उभें राहिलें, तर नव्या गाड्यांच्या गर्दींत एक बारीक अंगाची, रंग उडालेली मोटारसायकल पुनःपुन्हां दृष्टीस पडते. तिच्या दोन्ही अंगांस दुधाच्या किटल्या लोंबत असतात, आसनाला ठिगळ असतें आणि एका बाजूचा आरसा केव्हांच नाहींसा झालेला असतो. हिरो होंडाची सी.डी. १०० ही गाडी १९८५ सालीं निघाली व स्प्लेंडर १९९४ सालीं. जेमतेम ९७ घनसेंटिमीटरच्या या यंत्रानें घोडनदी व भीमा यांच्या कांठचीं किती घरें चालविलीं, याची गणती कोणीं केलेली नाहीं.

अशा गाडीच्या आयुष्यांत पंधरावें वर्ष मोठें कठीण असतें. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ४१ व्या कलमान्वयें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें टिकते. पुढें ती पांच-पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. त्यासाठीं पंचवीस क्रमांकाचा अर्ज भरून गाडी प्रत्यक्ष निरीक्षकापुढें उभी करावयाची असते. मुदत संपण्यापूर्वींच्या साठ दिवसांत हें काम सुरू करतां येतें. शुल्क पूर्वीं ३०० रुपये होतें. १ एप्रिल २०२२ पासून तें १००० झालें. शिवाय राज्याचा पर्यावरण कर निराळा.

ब्रिटनमध्यें ही तपासणी १९६० सालीं सुरू झाली, तेव्हां ती दहा वर्षांच्या गाड्यांना होती. आज तिसऱ्या वर्षापासून दरसाल करावी लागते. जपानांत २५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींना ती मुळींच नाहीं. आपल्याकडे पंधरा वर्षें गाडीकडे कोणीं पाहावयाचें नाहीं आणि मग एका सकाळीं सारें पाहावयाचें, अशी रीत आहे. त्या एका सकाळीं मालकाला धडकी भरते, यांत नवल नाहीं.

न्हावरे परिसरांतील एखादा दूध घालणारा शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. गाडी त्यानें पुण्याच्या एका गृहस्थाकडून दहा वर्षांपूर्वीं मुद्रांक कागदावर सही घेऊन विकत घेतली. पैसे रोख दिले, किल्ली मिळाली, व्यवहार संपला. आतां अर्ज भरावयास बसल्यावर कळतें, कीं गाडी अद्याप त्या पुण्याच्या गृहस्थाच्याच नांवावर आहे, पुस्तकावर बँकेचा बोजाहि तसाच आहे, आणि गृहस्थ तर जुनें घर सोडून गेलेले. एकोणतीस व तीस क्रमांकाचे अर्ज त्याच वेळीं भरले असते, तर हा वनवास टळला असता. गाडी नापास होण्यापूर्वीं कागदच नापास होतो, असा हा प्रकार आहे.

आणि हा प्रश्न केवळ घेणाऱ्याचा नाहीं. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत जुनी गाडी 'कोणा गरजूला' देऊन टाकण्याची चाल आहे. त्या गाडीनें पुढें अपघात केला आणि विमा नसला, तर भरपाईचा दावा कोणावर येतो? सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट सांगितलें आहे, कीं ज्याचें नांव नोंदणींत आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक. सदाशिव पेठेंत बसलेल्या निवृत्त माणसाला शिरूरच्या रस्त्यावरील अपघाताची नोटीस यावी, हें त्यामुळें अशक्य नाहीं. नोंदणीच संपलेली असली, तर विमा कंपनीहि हात वर करूं शकते; २०१४ च्या एका निर्णयानें तिला तसा आधार मिळालेला आहे.

कागद जुळले, म्हणजे निरीक्षक सांगाड्यावरील क्रमांक पाहतो. तो हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली, कीं ठसा उमटतो. पंधरा पावसाळे आणि किटलीतून सांडलेलें दूध यांनीं ती जागा गंजली असेल, तर आंकडे उमटत नाहींत. घासलेल्या कानशीनें गंज काढणें म्हणजे तर संशयाला आमंत्रण. रॉकेलचा बोळा फिरवून कापडानें पुसणें, एवढेंच करावें.

खरा जीव मात्र ब्रेकमध्यें आहे. या गाड्यांना पुढें-मागें ड्रमचे ब्रेक असतात. आंतील लायनर झिजत चालला, कीं बाहेरची ब्रेकची दांडी अधिकाधिक फिरूं लागते. तिच्या मुळाशीं एक बाणाची खूण असते, ती ड्रमवरील खुणेला भिडली म्हणजे लायनर संपला. ही सोय इतकी सोपी आहे, कीं ती पाहण्यास गॅरेजांत जावें लागत नाहीं. परंतु कित्येक ठिकाणीं लायनर बदलण्याऐवजीं ती दांडी काढून एक दांता पुढें बसवितात. ब्रेक पुन्हां घट्ट लागल्यासारखा वाटतो, पैसे वांचतात, आणि खूण मात्र खोटी बोलूं लागते. जुन्या गाडींतील सर्वांत घातक दुरुस्ती हीच होय.

पुढच्या ब्रेकचें दैव आणखी वाईट. मातीवर गाडी घसरेल या भीतीनें पुष्कळ लोक तो वापरीतच नाहींत. वापर नाहीं म्हणून केबल आंतून गंजते. आणि गंजली म्हणून पुढें वापरतांहि येत नाहीं. वास्तविक ब्रेक लागतांच भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी थांबविण्याचें मोठें काम तेंच चाक करतें. चाळीस-चाळीस लिटरच्या दोन किटल्या म्हणजे एका माणसाहून अधिक वजन. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें चौदा मीटर पुढें जाते. ऊस तोडणीच्या दिवसांत न्हावरे-चौफुला रस्त्यावर पहाटेच्या अंधारांत मागच्या दिव्याविना उसाची ट्रॉली उभी असते. तेथें हे चौदा मीटर फार मोलाचे ठरतात.

दिव्यांचेंहि तसेंच. ब्रिटनमधील तपासण्यांचे निकाल प्रसिद्ध होतात, त्यांत मोटारसायकल नापास होण्याचें पहिलें कारण दिवेच असतात. आपल्या जुन्या गाडीचा पुढील दिवा इंजिनाच्या गतीवर चालतो. गति मंदावली, कीं प्रकाशहि मंदावतो. त्यांत आंतील आरसा काळवंडला असेल, तर रांजणगांवच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून परतणारा माणूस अंदाजानेंच रस्ता धरतो. मागील ब्रेकचा लाल दिवा तर एका बारीक स्प्रिंगवर अवलंबून असतो. ती निखळून पडली, हें चालविणाऱ्याला दिसत नाहीं. दिसतें तें मागच्याला, आणि तेंहि उशिरा.

दौंडकडील दुखणें थोडें निराळें. तेथील पुष्कळ नोकरदार गाडी स्थानकावर ठेवून पुण्याची गाडी पकडतात. मोटारसायकल दिवसभर उन्हांत उभी. तिचे टायर झिजत नाहींत, तडकतात. नियमानें दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरहून कमी चालत नाहीं. पण नक्षी शाबूत असूनहि बाजूला भेगा पडलेल्या असल्या, तर तो टायर गेलाच म्हणावयाचा.

मधल्या स्टँडवर गाडी घेऊन पुढचें चाक उचलावें आणि हँडल हळू फिरवावें. मध्यावर खांचेंत अडकल्यासारखें वाटलें, तर कोनसेट गेला. मागचें चाक धरून आडवें हलवावें. खडखडलें, तर चिमट्याचे बुश संपले. चेन बोटानें वर-खालीं केली, तर दोन-अडीच सेंटिमीटर हलावी, फार अधिक नव्हे. सायलेन्सरला भोंक नसावें. धुराच्या चांचणींत २००० नंतरच्या चार-स्ट्रोक गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यापूर्वींच्या गाडीला ४.५. बहुधा हवेची गाळणी स्वच्छ करून कार्ब्युरेटर जुळविला, कीं गाडी त्यांत बसते.

न्हावऱ्याच्या त्या शेतकऱ्याला पुण्याचे गृहस्थ शेवटीं एका जुन्या शेजाऱ्यामार्फत सांपडतील, सही होईल, बोजा उतरेल, गाडी उभी राहील व पांच वर्षांची मुदत वाढवून मिळेल. दुसऱ्या पहाटे ती पुन्हां किटल्या घेऊन निघेल. नवे लायनर ड्रमशीं नीट बसण्यास थोडे दिवस लागतात. तोंपर्यंत उसाच्या ट्रॉलीमागें अंतर जरा अधिकच ठेवावें.