शाई वाळू देऊ नका

घरचा इंकजेट प्रिंटर बिघडला असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो बिघडलेला नसतो. त्याची शाई वाळलेली असते. परीक्षा संपतात, सुट्टी लागते आणि एप्रिल-मे यंत्र कोरड्या हवेत पडून राहतं. जूनमध्ये मुलीचा प्रवेश अर्ज छापायला जावं, तर पानभर पांढरे पट्टे. नवं कार्ट्रिज महाग, म्हणून धडधाकट यंत्र माळ्यावर जातं.

१९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाईचा थेंब उडाला. त्यातून उष्णतेनं थेंब उडवायची युक्ती सुचली. ज्या छिद्रांतून हे थेंब उडतात, ती केसाहून बारीक. ती बुजायला कितीसा वेळ लागणार?

जुन्या कातिबांच्या दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा असे. तो शाई धरून ठेवी, कलमाला बेतानं देई. अनेक कार्ट्रिजमधला स्पंज हेच काम करतो. दौतीतली शाई घट्ट झाली की पाण्याचे थेंब घालत. इथंही पहिला उपाय पाणीच.

कार्ट्रिजलाच छिद्रांची पट्टी असेल, तर ते बाहेर काढा. धागे न सुटणारं फडकं कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळा, त्याची घडी करा आणि छिद्रांची बाजू तिच्यावर मिनिटभर टेकवा. घासू नका. फडक्यावर रंग उमटले की समजा, वाट मोकळी झाली. तांब्याचे ठिपके मात्र वेगळ्या, कोरड्या फडक्यानं पुसा. नेलपॉलिश काढायचं द्रव जवळसुद्धा आणू नका.

छिद्रं यंत्रातच असतील, बाटलीनं शाई भरायच्या प्रिंटरात ती तशीच असतात, तर आधी नोझल चेकचं पान काढा. मग हेड क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा. तरी पट्टे राहिले तर यंत्राला रात्रभर विसावा द्या. लोक चिडून दहादा बटण दाबतात. दर खेपेला विकतची शाई आतल्या टाकाऊ शाईच्या बोळ्यात जाते, आणि तो बोळाही कधीतरी भरतोच.

प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटणानं, भिंतीवरच्या नव्हे. तेव्हाच हेड आपल्या जागी जातं आणि छिद्रांवर झाकण बसतं.

आणि आठवड्याला एक पान छापा. काही नसेल तर एखादी कविता छापा, पण रंगीत अक्षरांत. नुसतं काळं छापत राहिलं, तर बाकीचे रंग मुकाट्यानं वाळत जातात.