एका भांड्यातली कोंबडी, सगळ्यांच्या ताटात

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)

ताईंनो, मावश्यांनो आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो!

मला पोषणावर बोलायला सांगितलंय. लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं यांचा तक्ता तुम्ही अंगणवाडीत आणि आशाताईंकडून दहा वेळा ऐकलाय. तो पुन्हा वाचत नाही. आज एक पदार्थ सांगते. तो करायचा कसा आणि वाढायचा कसा, दोन्ही सांगते. कारण आपलं पोषण चुलीपेक्षा वाढण्यापाशी जास्त अडतं, असं मला वाटतं.

पदार्थाचं नाव चिकन कॅसरोल. कॅसरोल म्हटल्यावर चपात्यांचा गरम डबा डोळ्यांसमोर आला ना? शब्द तोच आहे. मूळ फ्रेंच, अर्थ भांडं. परदेशात त्या भांड्यात भाजलेल्या जेवणालाही तेच नाव पडलं, आपल्याकडे ते डब्याला चिकटलं.

ही पद्धत आमिश लोकांची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. हा ख्रिस्ती पंथ १६९३ च्या सुमारास युरोपात वेगळा झाला आणि पुढच्या शतकात ही माणसं अमेरिकेत आली. आजही बहुतेकांच्या घरात तारेवरची वीज नाही. स्वतःची मोटार ठेवत नाहीत, घोड्याची बग्गी वापरतात. कुणाचं कोठार जळालं तर आसपासचे पुरुष जमून ते उभं करून देतात आणि बायका मिळून सगळ्यांचा स्वयंपाक करतात. आपल्याकडच्या इर्जिकेची आठवण येते की नाही?

अजून एक ओळखीची गोष्ट. या बायका अंडं घालून पिठाच्या लांब पट्ट्या घरी करतात. त्याला नूडल्स म्हणतात. आपण उन्हाळ्यात शेवया करतो, त्याच जातीचं काम. काही जणी नूडल्स, मुरंबे, गोधड्या रस्त्याकडेच्या दुकानात विकून घराला हातभारही लावतात.

आता कृती. आठ माणसांसाठी सांगते.

एक किलो कोंबडी घ्या. आठ वाट्या पाणी, मीठ, एक कांदा आणि दहा-बारा मिरे घालून मऊ शिजवा. आत गुलाबी रंग राहता कामा नये. पाणी फेकू नका, गाळून ठेवा. कोंबडी गार झाली की सगळं मटण हाडावरून सोडवून बारीक तुकडे करा. ही पायरी सोडू नका, का ते पुढे सांगते.

नूडल्ससाठी पाव किलो गव्हाचं पीठ किंवा मैदा, दोन अंडी, चिमूटभर मीठ. लागेल तेवढंच पाणी घालून पुरीसारखं घट्ट मळा. अर्धा तास झाकून ठेवा. पातळ लाटा, थोडं सुकू द्या, गुंडाळी करून बारीक कापा. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं शिजवून निथळा. वेळ नसेल तर घरातल्या जाड शेवया चालतील.

मग पांढरा रस्सा. अर्धी वाटी लोणी वितळवा, त्यात पाऊण वाटी पीठ मंद आचेवर भाजा. रंग बदलू देऊ नका, फक्त कच्चा वास जाऊ द्या. तीन वाट्या कोमट दूध थोडं थोडं ओता आणि हात थांबवू नका, नाहीतर गुठळ्या होतात. मग कोंबडीचं तीन वाट्या पाणी घाला. पातळ पिठल्याइतकं दाट झालं की मीठ आणि मिरपूड. तिकडे यात सेलरी नावाची भाजी घालतात. आपण गाजर, मटार, बारीक कोथिंबीर घालू.

कोंबडी, नूडल्स, भाज्या, रस्सा एकत्र करा. लोणी लावलेल्या जाड पातेल्यात ओता. टोस्टचा चुरा लोण्यावर परतून वर पसरा. तिकडे हे भट्टीत १८० अंशांवर अर्धा तास भाजतात. आपण पातेल्याखाली तवा ठेवून, घट्ट झाकण लावून मंद आचेवर वीस मिनिटं ठेवू. चुलीवर असेल तर झाकणावर निखारे ठेवा, वरून खरपूस होतं. माळकरी ताईंनी कोंबडीऐवजी भिजवलेल्या सोयाबीनच्या वड्या, अंड्याच्या नूडल्सऐवजी शेवया आणि भाज्या शिजवलेलं पाणी घ्यावं.

पाहुण्या पदार्थाला मिरचीचा ठेचा तोंडी लावला तर कोणी रागावणार नाही!

आता हाडावरून मटण का सोडवायचं ते. आपल्या घरात कोंबडी शिजते तेव्हा काय होतं? तंगडी पाहुण्याला. मग चांगल्या फोडी घरातल्या पुरुषांना, मग मुलांना. जिने कोंबडी साफ केली, वाटण वाटलं, भाकरी थापल्या, ती शेवटी बसते. तिच्या वाट्याला मानेचं हाड आणि खरवडलेला रस्सा. कुणी दुष्ट असतं म्हणून नव्हे. फोडी मोजक्या असतात आणि वाढणारी स्वतःला मोजत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. इथे शंभर जणी बसल्या असतील तर हिशोब तुम्हीच करा. एका पदार्थाने रक्त भरून येत नाही. आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. पण रोज शेवटी आणि उरलेलं खायचं, आणि वर गोळ्यांवर विसंबायचं, हे कसं चालेल?

या पदार्थात तंगडी नाही, मान नाही. एक किलोची कोंबडी आठही ताटांत सारखी पसरते. प्रत्येक डावात कोंबडी येतेच. दुसरं म्हणजे सगळं आधीच तयार असतं, तव्यावर गरम भाकरी करत उभं राहावं लागत नाही. करणारीलाही बसता येतं. आमिश घरात जेवणाआधी सगळं कुटुंब टेबलाशी बसतं, मान खाली घालून मुकाट्याने प्रार्थना करतं आणि मगच जेवतं. त्यांच्यातही घराचा कर्ता पुरुषच असतो, धर्मोपदेशक पुरुषच होतात. सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण एकत्र बसण्याची सवय घेण्यासारखी आहे.

सासूबाई काय म्हणतील, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतोय मला. भांडण करू नका. त्या दिवशी सासूबाईंनाच डाव द्या आणि म्हणा, "आत्या, आज तुम्ही वाढा, सगळ्यांना सारखं." त्याही कधीकाळी शेवटीच बसल्यात. त्यांच्या ताटातही मग चांगला वाटा येईल.

रोज कोंबडी कुठली, हेही खरं. मग पिठलं असो, आमटी असो, रीत तीच ठेवा. ताटं आधी मांडायची, माणसं मोजायची, आणि मोजताना स्वतःपासून सुरुवात करायची. आपल्या गटात बचतीचा हिशोब करताना आपण एकाही सदस्येचं नाव गाळत नाही. घरच्या पंगतीत आपलंच नाव का गाळायचं?

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढंच सांगायचं, कुणाच्या घरी स्वयंपाक करणारी पहिल्या पंगतीला बसली. पदार्थ कोणता होता ते नंतर विचारू.